तक्ता वाचला, तरी थांबा

‘डोकं दुखतं, नंबर वाढला असेल,’ म्हणत पेशंट येतो. बहुतेकदा नंबरच असतो. पण वर्षात तिसरा चष्मा झाला असेल, दाराच्या चौकटीला खांदे आपटत असतील, तर ड्रॉप घालण्याआधी पाच मिनिटं काढा.

तक्ता वाचून घेताना कुठली अक्षरं सुटतात तिकडे लक्ष द्या. उजव्या डोळ्याला ओळीतली उजवीकडची आणि डाव्याला डावीकडची अक्षरं सापडत नसतील, तर तो निष्काळजीपणा नव्हे. पिट्युटरीची गाठ वर सरकून दोन्ही नेत्रनसा एकमेकींना भेटतात तिथे दाब देते, तेव्हा बाहेरच्या बाजूचं दिसणं जातं. समोरचं 6/6 राहू शकतं.

आता एक मीटरवर समोर बसा. पेशंटने उजवा डोळा तळहाताने झाकायचा (बोटांनी नको, फटीतून बघतात), तुम्ही स्वतःचा डावा मिटायचा. त्याची नजर तुमच्या उघड्या डोळ्यावर. दोघांच्या मधोमध चारही कोपऱ्यांत एक, दोन किंवा पाच बोटं दाखवा आणि मोजायला सांगा. मग दुसरा डोळा. शेवटी पेनांची दोन लाल टोपणं नजरेच्या दोन बाजूंना धरून विचारा, ‘कुठलं फिकं दिसतं?’ बाहेरचं फिकं म्हटलं, की बोटं बरोबर मोजली असली तरी पेरिमेट्री करा. मला यंत्राआधी टोपणावर भरवसा वाटतो.

टॉर्च दोन्ही बाहुल्यांवर आलटून पालटून फिरवा. प्रकाश येताच बाहुली मोठी झाली, तर त्या बाजूची नस अशक्त आहे. डोळा बाहेर वळत नसेल, लांबचं दुहेरी दिसत असेल, तर तेही लिहा.

मगच ड्रॉप. वीस-तीस मिनिटांनी नेत्रनसेची चकती बघा. दोन्हीकडे कडा पुसट, फुगलेल्या असतील तर लगेच बीपी मोजा आणि त्याच दिवशी मेंदूच्या स्कॅनसाठी पाठवा. नजर चांगली आहे म्हणून थांबू नका. चकती स्वच्छ दिसली म्हणून गाठ नाही, असं मात्र धरू नका.

गाठ आधीच सापडलेली असेल, तर ऑपरेशनपूर्वीची पेरिमेट्री आणि ओसीटी फाइलला हवीच, नाहीतर नंतरची तुलना कशाशी करणार?

चिठ्ठीत ड्रॉपचं नाव आणि वेळ लिहा. मोठ्या बाहुल्या बघून पुढचा डॉक्टर उगीच धावपळ करतो. आणि गाडीची किल्ली सोबतच्या माणसाकडे द्या. बाजूचं दिसत नसेल, तर बाहुल्या लहान झाल्यावरही परत नको.