आधी माप, मग मेण

तमिळनाडूतल्या स्वामीमलैत कांस्यमूर्ती घडवताना स्थपती, म्हणजे मूर्तिकार, पहिला हात मेणाला लावत नाही. मूर्तीच्या उंचीइतकी नारळाच्या झावळीची पट्टी कापतो, तिला ठरल्या भागांत घड्या घालतो आणि चेहरा कुठे संपेल, गुडघा कुठे येईल हे त्या घड्यांवरून ठरवतो. मग मेण, मेणावर कावेरीच्या गाळाची माती, मग भट्टी. मेण वितळून वाहून जातं, पोकळीत धातू ओततात आणि शेवटी साचा फोडतात. साचा एकदाच वापरायचा असल्यामुळे माप चुकवून चालत नाही. संगणकावरच्या कॉमिक्सचं नेमकं उलट असतं. फाइलीच्या क्षणात शंभर प्रती होतात, काहीच फोडावं लागत नाही, त्यामुळे आधी माप घेण्याची निकडच कुणाला वाटत नाही. ही निकड मला फार उशिरा कळली. तोवर वाया गेलेले तास परत मिळत नाहीत, म्हणून जे नुकते जमवायला लागले आहेत त्यांना सांगतो: नोंदवहीत ओळ लिहिल्याशिवाय एकही अंक संग्रहात घेऊ नका. संग्रहाची मांडणी आधी नोंदवहीत होते, फोल्डर नंतर येतात.

अंकावर नाव छापलेलं असतं, क्रमांक असतो, मग वेगळी वही कशाला, ही पहिली शंका. तिचं उत्तर अंकच देतात. ‘अमर चित्र कथा’ १९६७ साली सुरू झाली. पहिले दहा क्रमांक परदेशी परीकथांना गेले होते, म्हणून ‘कृष्ण’ अकरावा ठरला. पुढे नव्या क्रमवारीत तोच ‘कृष्ण’ ५०१ झाला. इंद्रजाल कॉमिक्स मार्च १९६४ मध्ये निघू लागली. बरीच वर्षं तिचे अंक सलग क्रमांकाने चालले आणि नंतर खंड व अंक अशी पद्धत आली. केवळ छापील क्रमांकावरून फाइलींना नावं देत गेलं, तर एक अंक दोनदा मोजला जातो आणि दोन वेगळे अंक एकमेकांवर बसून एक कायमचा पुसला जातो. नावांचा घोळ तर याहून मोठा. मराठी वाचकाचा वेताळ म्हणजे इंग्रजीतला फँटम. त्याच्या राज्याचं नावही भारतीय आवृत्तीत बदलून डेंकाली झालं. तमिळमध्ये राणी कॉमिक्सने त्याला मायावी म्हटलं. पण शिवकाशीच्या मुत्तु कॉमिक्सने १९७२ साली ज्या ‘इरुंबुक्कै मायावी’पासून सुरुवात केली, तो वेताळ नव्हे, तो ब्रिटिश चित्रकथेतला पोलादी हाताचा ‘स्टील क्लॉ’. कुंभकोणम भागातल्या मराठी घरात मराठी, तमिळ आणि इंग्रजी अंक एकाच कपाटात सहज येतात, आणि तिथे ‘मायावी’ नावाच्या फोल्डरमध्ये दोन नायक एकत्र कोंबले जातात. म्हणून प्रत्येक अंकाला आपला स्वतःचा, कधीही न बदलणारा क्रमांक द्यावा. छापील क्रमांक, जुना आणि नवा दोन्ही, वेगळ्या रकान्यांत लिहावेत. यात माझी काही कल्पकता नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ए. सी. बर्नेल यांनी संस्कृत हस्तलिखितांची सूची केली, ती १८८० च्या सुमारास प्रसिद्ध झाली. पुढे पी. पी. एस. शास्त्री यांनी सविस्तर सूची करताना नवे क्रमांक दिले, पण बर्नेलचे क्रमांक पुसले नाहीत, शेजारी लिहिले. जुन्या ग्रंथात बर्नेलचा क्रमांक वाचून आलेला अभ्यासक आजही हव्या त्या पोथीपाशी पोचतो, तो या शेजारच्या आकड्यामुळे.

दुसरी शंका तरुण मंडळींची: आता सगळं शोधून मिळतं, वही जुन्या काळाची. शोध अक्षरांत चालतो आणि स्कॅन केलेलं पान हे चित्र असतं. फुग्यातली हाताने काढलेली मराठी किंवा तमिळ अक्षरं यंत्राला आजही भरवशाने वाचता येत नाहीत. उरतं ते फाइलीचं नाव, आणि देवनागरीत तेही दगा देतं. ‘ॲ’ हे अक्षर एकसंध टाइप करता येतं, तसंच ‘अ’ला चंद्र जोडूनही उमटवता येतं. डोळ्यांना दोन्ही सारखीच, संगणकाच्या लेखी वेगळी. एका पद्धतीने लिहिलेला ‘ॲडव्हेंचर’ दुसऱ्या पद्धतीने शोधला की अनेकदा सापडत नाही, आणि माणूस समजतो की अंक आपल्याकडे नाहीच. देवनागरी आणि इंग्रजी आकड्यांची सरमिसळ झाली तरी असंच होतं. यावर उपाय साधा आहे. फाइलीच्या नावात आपला क्रमांक इंग्रजी आकड्यांत, तोही शून्यं लावून सारख्या लांबीचा ठेवावा. शीर्षक, पात्र, भाषा, वर्ष हे सगळं वहीत. आतल्या पानांनाही तीन आकडी क्रमांक द्यावेत, नाहीतर काही वाचनयंत्रांत पहिल्या पानानंतर दहावं येतं आणि खून कुणी केला हे दुसऱ्या पानाआधीच कळतं.

तिसरी शंका मात्र मी गांभीर्याने घेतो, कारण तिच्यात सोय खरोखर आहे. चांगलं ॲप मुखपृष्ठं मांडतं, मालिका लावतं, वाचलेलं पान लक्षात ठेवतं. मग हाताने लिहायचं कशाला? ॲप वापरावंच. फक्त वही त्याच्या पोटात ठेवू नये. जपानी चित्रकथांची जेमांगा ही सेवा २०१३ साली बंद झाली आणि पैसे देऊन घेतलेले अंक वाचकांच्या हातून गेले. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आपलं पुस्तकांचं दुकान मिटलं, पैसे परत केले, पुस्तकं मात्र उरली नाहीत. कॉमिक्सॉलॉजी हे डिजिटल कॉमिक्सचं मोठं दुकान २०१४ मध्ये ॲमेझॉनने घेतलं आणि २०२३ च्या अखेरीस त्याचं स्वतंत्र ॲप किंडलमध्ये विलीन झालं. तिथले अंक शाबूत राहिले, पण वर्षानुवर्षं सवयीची झालेली मांडणी बदलली, आणि मोठे संग्रह असलेल्यांना तीच जास्त लागली. म्हणून नोंदवही साध्या तक्त्यात असावी, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. अंकही शक्यतो सीबीझेड स्वरूपात ठेवावेत, कारण सीबीझेड ही नाव बदललेली झिप फाइलच असते. उद्या एकही कॉमिक्स-वाचक चालेनासा झाला तरी ती उघडून चित्रं बाहेर काढता येतात. विकत घेतलेल्या ज्या अंकांची फाइल दुकानदार हातात देत नाही, त्यांच्या ओळीत ‘केवळ वाचनाचा हक्क’ असं स्पष्ट लिहावं. तो आपला संग्रह नव्हे, हे लिहिताना वाईट वाटतं, पण लिहावं. स्कॅन असेल तर ते कुठल्या छापील प्रतीचं आणि ती प्रत कुणाची, याचाही रकाना हवा. मालकी हक्क जिवंत असलेल्या अंकांच्या चोरट्या फाइलींना त्या वहीत जागाच नसावी.

मुलांच्या चित्रकथांसाठी एवढा खटाटोप कशाला, असंही लोक म्हणतात. त्यांनी या चित्रकथा कुणी घडवल्या ते पाहावं. ‘शिवाजी’ या अमर चित्र कथेची संहिता ‘फास्टर फेणे’च्या भा. रा. भागवतांची आहे आणि चित्रं प्रताप मुळीकांची. ‘कृष्ण’ची चित्रं राम वाईरकरांची. याच मुळीकांनी १९८६ पासून नागराज या हिंदी कॉमिक्स-नायकाचे सुरुवातीचे अंक रंगवले. मराठी चित्रकाराचा हा प्रवास शीर्षकांवरून लावलेल्या फोल्डरमध्ये कधीच दिसणार नाही. वहीत चित्रकार आणि लेखक असे दोन रकाने असले की क्षणात दिसतो. माझ्या मते हे दोन रकाने वर्ष आणि किमतीपेक्षा महत्त्वाचे आहेत. घाईत काही गाळायचंच झालं तर किंमत गाळा, चित्रकार नको.

प्रतींबद्दल थोडक्यात. तीन प्रती, दोन निरनिराळ्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. कावेरीच्या खोऱ्यात हा शेवटचा भाग सर्वांत महत्त्वाचा. १६ नोव्हेंबर २०१८ रोजी गजा चक्रीवादळ वेदारण्यमजवळ किनाऱ्याला धडकलं, तेव्हा पट्टुकोट्टैच्या बाजूला कित्येक दिवस वीज नव्हती. घरातल्या घरात ठेवलेल्या दोन डिस्का अशा वेळी एकीसारख्याच. वर्षातून एकदा प्रती उघडून पाहाव्यात; ऐप्पसी-कार्तिकै या तमिळ महिन्यांतला पावसाळा सुरू होण्याआधीचा आठवडा त्याला बरा.

नोंदवहीची एक प्रत कागदावर छापून घरात ठेवावी, आणि शीर्षकाचा रकाना देवनागरीबरोबर तमिळ आणि रोमन लिपीतही भरावा. तंजावर-कुंभकोणमकडच्या कित्येक मराठी घरांत मुलं मराठी बोलतात, पण शिकलेली असतात तमिळ आणि इंग्रजीत. ‘वेताळ’ हा शब्द त्यांच्या कानाला ओळखीचा आहे, फक्त देवनागरीत लिहिलेला त्यांना वाचता येत नाही.