हातातल्या लिनक्सला झोपवायचं कोणी?

बॅटरीवरच्या यंत्राला कधी झोपवायचं, हा प्रश्न मला पुस्तकात नाही, भाईंदर पूर्वेतल्या स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात भेटला.

प्रोजेक्टसाठी हातात मावणारा लिनक्स संगणक घेतला होता. पॉलिशच्या मोटारीवर लावलेलं आमचं सेन्सर सर्किट दर पाच मिनिटांनी सिरियल केबलवरून तापमान पाठवायचं. बॅटरी वाचावी म्हणून मी स्क्रिप्ट लिहिली : तीस सेकंद बटण दाबलं नाही, की कर्नलच्या 'स्टेट' फाइलीत 'मेम' हा शब्द लिहायचा. मग रॅम सोडून बहुतेक सगळं बंद. संध्याकाळी बॅटरी जवळपास भरलेली आणि रीडिंग्ज फक्त तीन! मी स्क्रीनला हात लावला होता, तेव्हाचीच. सबमिशनला चार दिवस उरले होते.

बटण दाबलं नाही म्हणजे काम नाही, हे मी गृहीत धरलं होतं. 2001 साली बंगळूरात जाहीर झालेला, लिनक्सवर चालणारा सिम्प्युटर काय किंवा आजचा अँड्रॉइड फोन काय, पेच तोच. हार्डवेअर कसं झोपवायचं ते कर्नलला ठाऊक, पण काम संपलं की नाही ते प्रोग्रामलाच ठाऊक. दोघांना बोलायला जागा हवी, तीच इंटरफेस.

समजा, स्क्रिप्टने पाहिलं, काम नाही. आणि झोपायच्या आत रीडिंग आलं. ते गेलंच ना? यासाठी 2010 च्या 2.6.36 कर्नलमध्ये 'वेकअप काउंट' ही फाइल आली. आधी तिच्यातला आकडा वाचायचा, काम तपासायचं, मग तोच आकडा परत लिहायचा. मधे जागं करणारी घटना घडली असेल तर लिहिणं फसतं. मग झोपायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून. 2012 च्या 3.5 मध्ये 'वेक लॉक' आलं. रीडिंग साठवेपर्यंत प्रोग्राम लॉक धरतो आणि तोवर काउंटचं वाचनच अडून राहतं. सिरियल पोर्टलाही 'जागं कर' अशी परवानगी द्यावी लागली. जागं होताना पहिली अक्षरं हरवायची, म्हणून सर्किटकडून आधी चार फालतू अक्षरं पाठवली. (हा जुगाड व्हायव्हात सांगावा लागला!)

तिसऱ्या दिवशी सगळी रीडिंग्ज आली, पण दुपारीच बॅटरी संपली. प्रोग्राम लॉक धरूनच कोसळला होता. लॉकला दहा सेकंदांची मुदत घातली, तर परत रीडिंग्ज गायब. मुदत नॅनोसेकंदात लिहायची असते आणि मी नुसते 10 लिहिले होते. पुढे नऊ शून्यं दिली तेव्हा कुठे, सबमिशनच्या आदल्या रात्री, यंत्र नीट झोपलं.