घरट्यावरच्या समुद्रपक्ष्याचा फोटो

अंबरनाथ पूर्वेला चिखलोली धरण आहे. अशा धरणाकडेच्या माळावरून आपण चाललो, की कधी कधी टिटवी डोक्यावर घिरट्या घालते. ओरडून ओरडून रान डोक्यावर घेते. का बरे? जवळपास तिची अंडी असतात. तिचे घरटे म्हणजे नुसता खळगा, भोवती चार खडे. अंडी मातीच्या रंगाची. पाय पडेपर्यंत दिसायची नाहीत.

समुद्रातही असे उघड्यावर अंडी घालणारे पक्षी आहेत. त्यांना सुरय म्हणतात. अंग सडपातळ, पंख लांब व टोकदार, शेपूट दुभंगलेली. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्यासमोर समुद्रात खडकाळ बेटे आहेत. ‘वेंगुर्ला रॉक्स’ हे त्यांचे नाव. या बेटांवर सुरय वीण करतात. हुमायून अब्दुलअली या पक्षितज्ज्ञांनी १९४२ साली त्यांच्यावर लेख लिहिला. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात तो छापून आला.

आता खिशाखिशात मोबाइल आहे. फोटो काढायला कोणीही निघतो. पण बेटावर माणूस चढला, की सुरय एकदम उडतात. अंडी उघडी पडतात. खडक तर तव्यासारखा तापलेला! अंडे ऊब मिळावी म्हणून उबवतात, हे आपल्याला ठाऊक आहे. पण कडक उन्हात पक्षी अंड्यावर सावली धरून उभा राहतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती सावली गेली, तर अंड्यातला जीव तेथेच मरतो. शिवाय कावळे आणि घारी टपलेल्या असतातच. फोटोवाल्याला वाटते, मी तर कशाला हातही लावला नाही!

मग फोटो काढायचा कसा? इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी कीर्टन नावाचे दोन भाऊ होते. १८९२ साली चेरीने एका घरट्यातल्या अंड्यांचा फोटो काढला. पुढे या भावांनी एक युक्ती केली. बैलाचे कातडे घेऊन आतून पोकळ असा खोटा बैल केला. माणूस त्याच्या पोटात उभा राही आणि भोकातून कॅमेरा रोखी. माणसाला भिणारे पाखरू बैलाला भीत नाही. आपल्याकडे म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो, तसेच हे.

आज बैलाऐवजी मळकट रंगाची लहान राहुटी लावतात. तिला लपण म्हणतात. लपणात दोघांनी जावे आणि एकाने परत निघून जावे.  माणूस गेला असे समजून ती घरट्यावर परत येतात. पण लपण लावतानाही पक्षी उडतात. म्हणून जाणत्या माणसाशिवाय ते काम करू नये. त्यापेक्षा होडीतून, दुरून फोटो काढणे आम्हांला बरे वाटते. त्यासाठी लांबचे जवळ आणणारी टेलिफोटो भिंग लागते. होडी हलते, म्हणून सेकंदाच्या हजाराव्या भागात फोटो टिपावा. ऊन सकाळचे, कोवळे असावे. दुपारच्या उन्हात पांढरी पिसे नुसती चुन्यासारखी दिसतात. बसलेले पक्षी माना वर करून कलकलाट करू लागले, तर होडी तेथूनच मागे घ्यावी.

या बेटांवरच्या गुहेत पाकोळ्याही राहतात. त्या आपल्या लाळेने घरटे बांधतात. चीनकडे त्या घरट्यांचे सूप करतात. त्यांना मोठी किंमत येते, म्हणून चोर ती काढून नेतात. गुहेचा फोटो आणि वाट चारचौघांत दाखवणे म्हणजे चोराला पत्ता देणेच झाले. संरक्षित पक्ष्यांची घरटी किंवा अंडी बिघडवणे ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारच धरली जाते.

दुरून काढलेल्या फोटोचा आणखी एक उपयोग आहे. तो मोठा करून कागदावर छापतात. मग एकेका पक्ष्यावर पेन्सिलीने टिंब देत जायचे. किती जोड्या घरट्यांवर बसल्या आहेत, हे घरबसल्या मोजता येते. बेटावर पाऊलही ठेवावे लागत नाही.