ऊन आहे, प्रकल्प आहे, मग वीज कुठे अडते?

प्रश्न : आफ्रिकेतल्या मलावी देशात बहुतेक घरांना अजून वीज नाही, असं वाचलं. ऊन तर तिथे आपल्या धुळ्यासारखंच असणार. आमच्या साक्री तालुक्यात आहे तसा एखादा मोठा सौर प्रकल्प तिथे उभारला तर प्रश्न सुटणार नाही का? – एक वाचक, धुळे

उत्तर : उन्हाचा तुमचा अंदाज बरोबर आहे. आणि असा प्रकल्प तिथे उभाही आहे. मलावी सरोवराजवळच्या सलीमा जिल्ह्यात २०२१च्या अखेरीस ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. सूर्यामागे वळत राहणारी पॅनेलं, दोन्ही बाजूंनी प्रकाश टिपणारी काच, सगळं आधुनिक. तरीही आजही त्या देशात बहुतेक घरांत वीज नाही. म्हणून तुमचा प्रश्न मी थोडा पुढे नेतो : प्रकल्प झाला, मग वीज अडते कुठे?

आधी पैशाचं पाहू, कारण खरी गाठ तिथे आहे. कोळशाच्या किंवा डिझेलच्या वीजकेंद्राचा मोठा खर्च इंधनाचा. तो वर्षानुवर्षं थोडा थोडा होतो. सौर प्रकल्पाला इंधन नाही, पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांच्या विजेचे जवळजवळ सगळे पैसे पहिल्याच दिवशी मोजावे लागतात. त्यातले बरेचसे कर्जाऊ घ्यावे लागतात. शंभर रुपयांचं कर्ज वीस वर्षांत समान हप्त्यांनी फेडायचं असेल, तर ५ टक्के व्याजाने वर्षाला आठ रुपये पडतात आणि १५ टक्क्यांनी सोळा. ऊन तेच, पॅनेलं तीच, वीज मात्र दुप्पट महाग. गरीब देशाला कर्ज द्यायला सावकार कचरतो आणि व्याज वाढवतो. म्हणजे ज्याला स्वस्त विजेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ती महाग पडते. हा अन्याय मला फार बोचतो, कारण त्यात निसर्गाचा काहीही दोष नाही.

त्यात चलनाची भर. पॅनेलं आणि इन्व्हर्टर डॉलरमध्ये घ्यायचे, कर्जही बहुधा डॉलरमध्ये. गिऱ्हाईक मात्र बिल भरणार क्वाचा या तिथल्या चलनात. २०२३च्या नोव्हेंबरमध्ये मलावीच्या रिझर्व्ह बँकेने क्वाचाचं अवमूल्यन केलं. डॉलरचा भाव सुमारे १,१८० क्वाचांवरून १,७०० वर गेला. वीज कंपनीचा डॉलरमधला हप्ता एका झटक्यात जवळपास दीडपट. वीस वर्षांचा वीजखरेदी करार करताना गुंतवणूकदार हमी मागतो, ती याच भीतीने.

आता साक्रीशी तुलना. शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा प्रकल्प २०१३ साली सुरू झाला. क्षमतेने तो सलीमाच्या दुप्पट. पण तो जोडला आहे महाराष्ट्राच्या जाळ्याला, जिथे कमाल मागणी २५,००० मेगावॉटच्या पुढे जाते. साक्रीवर ढग आला तर मुंबई-पुण्यात कुणाला कळतही नाही. मलावीची एकूण क्षमताच काही शे मेगावॉट. तिथे साठ मेगावॉटवर ढग आला की सगळ्या जाळ्याला धक्का बसतो, वारंवारता ढळते, आणि आवरलं नाही तर दिवे जातात. यावरचा उपाय त्यांनी देडझा जिल्ह्यातल्या गोलोमोती इथे केला. २०२२ मध्ये सुरू झालेल्या तिथल्या २० मेगावॉटच्या प्रकल्पाला बॅटरी जोडली आहे. ती ५ मेगावॉट वीज दोन तास देऊ शकते. एवढ्याने रात्र निघत नाही, पण ढगाचा धक्का पचतो. राजधानी लिलाँग्वेतल्या कानेंगो उपकेंद्रात २० मेगावॉटच्या बॅटरीचं काम २०२४ मध्ये हाती घेतलं गेलं.

रात्रीचं काय? तिथे वर्षभर साडेपाच ते साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि मागणी सर्वांत जास्त असते ती नेमकी त्यानंतर. तेव्हा आधार पाण्याचा. देशाची बहुतेक वीज शिरे नदीवरच्या न्कुला, तेडझानी आणि कापिचिरा या जलविद्युत केंद्रांतून येते. नदी निघते मलावी सरोवरातून. सरोवराची पातळी कोरड्या ऋतूच्या शेवटी सर्वांत खाली जाते, आणि तेव्हाच आकाश निरभ्र असतं. म्हणजे पाणी आणि ऊन एकमेकांची उणीव चांगली भरून काढतात. पण एकाच नदीवर सगळी भिस्त किती धोक्याची, ते २०२२च्या जानेवारीत दिसलं. ॲना चक्रीवादळाच्या पुराने कापिचिराच्या धरणाचं नुकसान केलं. देशाच्या क्षमतेचा साधारण तिसरा हिस्सा गेला आणि वर्षाहून अधिक काळ परतला नाही. तेव्हा नुकताच सुरू झालेला सलीमा प्रकल्प नसता, तर भारनियमन आणखी कठोर झालं असतं.

एक दुष्टचक्रही इथे सांगायला हवं. वीज नाही म्हणून स्वयंपाक लाकडावर आणि लोणारी कोळशावर. त्यासाठी डोंगर उघडे पडतात, पावसात माती नदीत येते, आणि तोच गाळ व तणकट जलविद्युत केंद्रांची तोंडं बुजवतं. चूल पेटते त्याची झळ टर्बाइनपर्यंत पोहोचते.

आणि शेवटचा अडसर, तारेचा. मलावीत ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक खेड्यांत राहतात. वस्त्या विरळ, तारा दूर. ज्यांच्या घरावरून तार जाते त्यांनाही जोडणीचा आणि घरातल्या वायरिंगचा खर्च झेपत नाही. म्हणून जागतिक बँकेने २०१९ मध्ये १५ कोटी डॉलरचा प्रकल्प मंजूर केला. त्यात जोडण्यांसाठी पैसा आहे आणि दूरच्या घरांना छोटे सौर संच देणाऱ्या उद्योगांसाठीही. एका दिव्याची आणि मोबाइल चार्ज करण्याची सोय अशा संचाने होते. शाळकरी मुलासाठी ती फार मोठी गोष्ट आहे. पण त्यावर गिरणी चालत नाही, पंप चालत नाही.

म्हणून तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर : एकच अजस्र प्रकल्प नको. वीस-तीस मेगावॉटचे प्रकल्प वेगवेगळ्या भागांत, बॅटरीसह, उपकेंद्राच्या जवळ उभारावेत. आपल्याकडे २०१७ पासूनची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना याच दिशेची आहे : गावाजवळच्या उपकेंद्रालाच छोटा प्रकल्प जोडायचा आणि शेतीला दिवसा वीज द्यायची. मलावीला यातलं दिवसाचं गणित उचलण्यासारखं आहे. तिथलं रोजचं जेवण म्हणजे न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा, आणि त्यासाठी गावोगावच्या बायका डोक्यावर मका घेऊन गिरणी गाठतात. यांतल्या कितीतरी गिरण्या डिझेलवर चालतात. भर दुपारी वीज घेणारं आणि रोज पैसे देणारं गिऱ्हाईक तिथे आधीपासून बसलेलं आहे. त्या गिरण्या आणि सरोवराकाठचे सिंचनाचे पंप आधी जोडले, तर दुपारची वीज वाया जाणार नाही, वितरण कंपनीच्या हाती रोकड येईल, आणि पुढच्या प्रकल्पासाठी कर्ज मागताना तिला व्याजाचा दर खाली आणता येईल.