‘सर्व्हर डाऊन’ होण्याआधी मोजणारी नोकरी

पीकविम्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस गेवराईतल्या एखाद्या सेवा केंद्रावर ज्याने काढला आहे, त्याला ‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. हातात सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आणि पडद्यावर नुसतं फिरणारं चक्र. बारावीच्या निकालाच्या दिवशी तेच चक्र घराघरांतल्या मोबाइलवर फिरतं. गंमत अशी की ही गर्दी अचानक आलेली नसते, तारीख आधीच जाहीर झालेली असते. मग एवढी माणसं एकदम आली तर यंत्रणा किती पेलेल, हे आधी मोजता येत नाही का? येतं. ते मोजणं हाच काही लोकांचा पोटापाण्याचा धंदा आहे. त्याला परफॉर्मन्स इंजिनिअरिंग म्हणतात आणि त्यातली मोजणी म्हणजे बेंचमार्क.

आता अनेक कंपन्या सर्व्हर विकत घेण्याऐवजी भाड्याने घेतात, त्यालाच क्लाउड म्हणतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रं सुरू केली. भाड्याच्या यंत्रांचे प्रकार शेकडो आहेत. आपल्या कामाला कोणतं परवडेल हे माहितीपत्रक वाचून कळत नाही. त्यासाठी यंत्र उभं करायचं, त्यावर ठरावीक भार टाकायचा, वेळ मोजायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरं कौशल्य फसवे आकडे ओळखण्यात आहे. कापूस विकणाऱ्या घराला हे लगेच पटेल: तोच ढीग सकाळच्या दवात मोजला तर आर्द्रता एक आणि दुपारच्या उन्हात मोजला तर दुसरी. सीसीआय म्हणजे भारतीय कापूस महामंडळ १२ टक्क्यांच्या वर आर्द्रता असलेला कापूस घेत नाही, म्हणून केव्हा आणि कसं मोजलं यावर माल परत येतो की विकला जातो हे ठरतं. क्लाउडचंही तसंच आहे. एकाच मोठ्या यंत्राचे तुकडे अनेक गिऱ्हाइकांना दिलेले असतात. शेजारच्या गिऱ्हाइकाचं काम वाढलं की आपला वेग घटू शकतो. ॲमेझॉनच्या टी-मालिकेसारखी स्वस्त यंत्रं रिकाम्या वेळात क्रेडिट साठवतात आणि काम आलं की ते खर्च करतात. क्रेडिट संपलं की वेग खाली येतो किंवा जादा पैसे लागतात. पहिली पाच मिनिटं मोजून ‘यंत्र जोरात आहे’ असा अहवाल देणारा पोरगा तासाभराने तोंडघशी पडतो.

आणखी काही सापळे. डिस्कचा वेग मोजायला ‘फायो’ नावाचं मोफत साधन आहे. त्यात चाचणीची फाइल मेमरीपेक्षा लहान ठेवली आणि कॅशे टाळला नाही, तर तुम्ही डिस्क मोजलीच नाही, मेमरी मोजली. गेवराईतल्या मोबाइल नेटवरून मुंबईच्या यंत्रावर भार टाकला, तर आकड्यात टॉवरचाच हिशेब जास्त येईल. म्हणून भार टाकणारं यंत्रही त्याच केंद्रात उभं करायचं आणि तेच आधी दमत नाही ना, हे बघायचं. चाचणी चालू असताना वीज गेली तर? क्लाउडचं यंत्र चालूच राहतं, पण तुमची जोडणी तुटते आणि तिच्यासोबत चाचणीही मरू शकते. जोडणी तुटली तरी यंत्रावरचं काम चालू ठेवणारं ‘टीमक्स’ वापरायला शिका, लोडशेडिंगचा अर्धा त्रास कमी होईल.

सरासरीचा सापळा सगळ्यांत वाईट. समजा १,००० जणांनी अर्ज उघडला. ९८० जणांना ०.१ सेकंद लागला आणि २० जणांना १० सेकंद. सरासरी ०.३ सेकंदसुद्धा भरत नाही. अहवाल झकास, पण त्या वीस जणांनी तोवर शिव्या घालून पान बंद केलेलं असतं. म्हणून या क्षेत्रात ‘पी ९९’ विचारतात: शंभरांपैकी नव्व्याण्णव जणांचं काम किती वेळाच्या आत झालं? इथे दहा सेकंद. बारावीची संख्याशास्त्राची प्रकरणं ज्यांनी ‘ऑप्शनला’ टाकली, त्यांनी ती परत काढावीत.

कागदावरची ताकद आणि मोजलेली ताकद यांतला फरक पुण्याला जुना ठाऊक आहे. नोव्हेंबर २००७ मध्ये टाटांच्या पुण्यातल्या प्रयोगशाळेचा ‘एका’ महासंगणक जगाच्या ‘टॉप ५००’ यादीत चौथा आला. कागदावर त्याची क्षमता सुमारे १७० टेराफ्लॉप्स होती, तर लिनपॅक या प्रमाण चाचणीत मोजली गेली ११७.९. क्रमांक मोजलेल्या आकड्यावर मिळाला. १९९१ मध्ये ‘परम ८०००’ बनवणारी सी-डॅक ही संस्थाही पुण्याचीच, आणि तिच्या ‘परम सिद्धी एआय’ने २०२० मध्ये त्याच यादीत ६३वा क्रमांक मिळवला.

आता वाटेचं बोलू. दहावीनंतर बीडच्या शासकीय तंत्रनिकेतनात संगणक डिप्लोमा आणि तिथून थेट द्वितीय वर्ष इंजिनिअरिंग, ही मला सर्वांत कमी खर्चाची वाट दिसते. बारावीनंतर बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स चालेल. बीसीएला २०२४ पासून राज्याची सीईटी आहे, तिची तारीख चुकवू नका. इंजिनिअरिंगच्या पदवीनंतर सी-डॅकची सी-कॅट ही प्रवेश परीक्षा देता येते. तिच्यातून साधारण सहा महिन्यांच्या एचपीसी (म्हणजे महासंगणक) सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेशनच्या डिप्लोमाला प्रवेश मिळतो, तो या कामाच्या फार जवळचा आहे. मात्र पदवी कोणतीही असो, लिनक्स आलंच पाहिजे, तेही काळ्या पडद्यावर टाइप करून.

एक गोष्ट पालकांना आवडणार नाही. ‘परफॉर्मन्स इंजिनिअर’ या पदावर नवख्याला सहसा घेत नाहीत. सुरुवात टेस्टिंग, सपोर्ट किंवा डेव्हऑप्सपासून होते. त्यामुळे ‘सहा महिन्यांत क्लाउड, नोकरीची हमी’ म्हणत लाखभर मागणाऱ्या क्लासला आधी हमी लेखी मागा. नोकरी लागली नाही तर किती पैसे, किती दिवसांत परत, हे त्यात असलं पाहिजे. उसाच्या फडातून किंवा सोनं गहाण ठेवून आलेला पैसा असल्या जाहिरातीवर घालू नका. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर आयआयटी खरगपूरचा क्लाउड कॉम्प्युटिंगचा अभ्यासक्रम फुकट शिकता येतो.

मुलाखतीत वजन पडतं ते स्वतः केलेल्या कामाचं. दोन प्रकारची यंत्रं घ्या, दोन्हींवर एकच डेटाबेस टाका, ‘सिसबेंच’ किंवा ‘जेमीटर’ने भार द्या, सकाळी, दुपारी आणि रात्री मोजा. यंत्रं लिहिलेल्या फाइलवरून उभी करणाऱ्या ‘टेराफॉर्म’ने उभी केलीत तर प्रयोग दुसऱ्यालाही जसाच्या तसा करून बघता येईल. मग चार पानांचा अहवाल लिहा: कोणती आवृत्ती, किती मेमरी, किती वेळा मोजलं, आकडे किती हलले, दर हजार व्यवहारांना किती रुपये पडले. आज्ञावली एआय लिहून देईल, पण तिसरा आकडा पहिल्या दोनांपेक्षा वेगळा का आला, हे तुम्हालाच सांगावं लागेल. इंग्रजी तोडकंमोडकं असलं तरी अहवाल स्पष्ट हवा.

हा भार मात्र स्वतःच्या यंत्रावरच टाकायचा. ‘बघू या निकालाची साइट किती टिकते’ असा प्रयोग परवानगीशिवाय केला, तर २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ या कलमांखाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

राहिलं वडिलांचं डेबिट कार्ड. क्लाउडचं खातं उघडताना ते सहसा मागतात आणि मोफत सवलतीच्या अटी बदलत राहतात. त्या दिवशीच्या अटी दोघांनी मिळून वाचा आणि पहिल्याच दिवशी खर्चाचा इशारा लावा. तो इशारा नुसता ईमेल पाठवतो, खर्च थांबवत नाही. काम संपलं की यंत्र फक्त बंद करू नका, काढून टाका. बंद यंत्राच्या डिस्कचं भाडं चालूच राहतं.