आवृत्ती १.१० गेली कुठे?

आमच्याकडे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीतल्या बदलांची यादी एक्सएमएल फाइलींवर एक्सएसएलटी चालवून तयार व्हायची. १.९ पर्यंत सगळं सुरळीत होतं. १.१० आली आणि तिचे बदल यादीत उमटलेच नाहीत. मजकूर फाइलीत होता, एररही आली नव्हती. वारशाने आलेल्या स्टाइलशीटमध्ये अट साधी होती: मागच्या आवृत्तीपेक्षा, म्हणजे आता १.९ पेक्षा, मोठी आवृत्ती असेल तर छापा.

एक्सएसएलटी १.० सोबतचं एक्सपाथ १.० लहान-मोठं ठरवताना दोन्ही बाजूंचं आधी संख्येत रूपांतर करतं. १.१० चं होतं १.१, आणि ते १.९ पेक्षा लहान. १.१०.२ ची तर संख्याच होत नाही, हाती येतो ‘नॅन’. मग ‘मोठी आहे का?’ विचारा किंवा ‘लहान आहे का?’, उत्तर ‘नाही’च. प्रोसेसर मुकाट्याने पुढे जातो, आणि मला हीच गोष्ट सर्वांत घातक वाटते.

तेव्हा आधी टिंबांवर तुकडे पाडा, मग तुकड्याशी तुकडा ताडून बघा. १.० मध्ये व्हेरिएबलची किंमत एकदा दिली की बदलत नाही, म्हणून स्वतःलाच पुन्हा बोलावणारा टेम्प्लेट लिहावा लागतो. ‘सबस्ट्रिंग-बिफोर’ने पहिला तुकडा घ्यायचा, उरलेला भाग ‘सबस्ट्रिंग-आफ्टर’ने पुढच्या फेरीला द्यायचा. १ आणि १ समान, म्हणून पुढे. १० आणि ९, इथे निकाल. शेवटच्या तुकड्यानंतर टिंब नसतं आणि ‘सबस्ट्रिंग-बिफोर’ रिकामी स्ट्रिंग परत देतं. त्यासाठी सुरुवातीलाच ‘कॉन्कॅट’ने आवृत्तीच्या शेवटी एक टिंब जोडून घ्या. एक बाजू आधी संपली तर तिथे ० धरा, आणि तो स्वतः लिहून धरा, कारण रिकाम्या स्ट्रिंगची संख्या केली तरी पुन्हा नॅनच. हे राहिलं, तर २.० आणि २.०.० जुळणार नाहीत.

२००७ साली आलेल्या एक्सएसएलटी २.० मध्ये ‘टोकनाइज’ आहे, काम बरंच सोपं होतं. मात्र तिथे टिंब म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनमधलं कुठलंही अक्षर, म्हणून त्याआधी बॅकस्लॅश हवाच. तुकडे पूर्णांकात बदलायलाही विसरू नका; स्ट्रिंग म्हणून १० हे ९ च्या आधी येतं. स्कीमा नसलेल्या फाइलीतली दोन अ‍ॅट्रिब्यूट थेट ताडली, तर २.० ती स्ट्रिंग म्हणूनच ताडतं. नुसता स्टाइलशीटवरचा १.० चा आकडा २.० केला, तरी जुन्या अटीचा अर्थ बदलू शकतो.

राहता राहिली १.०.०-आरसी.१ सारखी पूर्वआवृत्ती. सिमेंटिक व्हर्जनिंगच्या नियमाने ती १.०.० च्या आधीची. हायफनपुढचा भाग आधीच बाजूला काढा, आणि बाकीचे तुकडे समान निघाले तर तो भाग असलेली आवृत्ती आधीची धरा.

तुमच्याकडे अशी स्टाइलशीट असेल, तर १.९ आणि १.१०, २.० आणि २.०.०, तसंच १.०.०-आरसी.१ आणि १.०.० या जोड्या तिच्यावर आजच चालवून बघा. १.१० बाहेर पडायची वाट बघू नका.