खूण आणि वेळ : सूचनालेखनाचा एक पाठ

तांत्रिक मराठीचा विचार करताना आपण बहुधा परिभाषेपाशी थांबतो. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झाले, परिभाषाकोश निघाले, प्रतिशब्दांची उणीव बरीच भरून निघाली. तरी प्रत्येक शब्द बरोबर असूनही सूचना चुकू शकते, हे मला माझ्याच एका वाक्याने शिकवले.

उज्जैनला रामघाटाजवळ राहणाऱ्या माझ्या भाच्याकडे जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. साफसफाईसाठी काढलेला डिस्ट्रिब्युटर परत कसा बसवावा, हे मी त्याला इंग्रजी पुस्तिकेवरून लिहून दिले : ‘पुलीवरील खूण इंजिनावरील खुणेशी जुळवा. रोटर पहिल्या सिलिंडरच्या तारेकडे करून डिस्ट्रिब्युटर बसवा.’ गाडी सुरू झाली नाहीच, उलट कार्ब्युरेटरमधून भडका उडाला. भाच्याचा हात थोडक्यात वाचला. ‘‘मामा, तुम्ही लिहिलंय अगदी तसंच केलं,’’ तो म्हणाला. ते खरेच होते.

अशा इंजिनात क्रँकशाफ्टचे दोन फेरे होतात तेव्हा रोटरचा एक होतो. त्यामुळे पुलीची खूण दर आवर्तनात दोनदा जुळते आणि दोन्ही वेळा पहिला दट्ट्या वरच असतो. एकदा तो पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबत आलेला असतो, दुसऱ्यांदा जळालेला वायू बाहेर लोटत. ठिणगी हवी ती पहिल्या वेळी. भाच्याने दुसरी वेळ धरली आणि रोटर अर्धा फेरा चुकला. पुस्तिकेत कोणती वेळ ते सांगणारे दोन शब्द होते. त्यांना सुटसुटीत प्रतिशब्द सुचेना, म्हणून मी ते गाळले होते.

घड्याळात बारा दोनदा वाजतात. रामघाटावर अनवाणी उभ्या माणसाला दुपार की रात्र हे काट्यांना विचारावे लागत नाही, पायाखालची फरशी सांगते. इंजिनात ते काम प्लगचे भोक करते. मी सूचना पुन्हा लिहिली :

‘गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, हँडब्रेक ओढा, बॅटरीची तार काढा. पहिल्या सिलिंडरचा प्लग काढून भोकावर बोट ठेवा. इंजिन हाताने नेहमीच्या दिशेने फिरवा. बोटाला आतून दाब लागू लागला की मग खुणेकडे पाहा आणि पुस्तिकेत दिलेल्या अंशावर थांबा. रोटर पहिल्या तारेच्या जागेकडे करून डिस्ट्रिब्युटर बसवा. पुढच्या तारा रोटर फिरतो त्या दिशेने ३, ४, २ अशा क्रमाने लावा. पॉइंट नुकते उघडू लागतील इतका डिस्ट्रिब्युटर फिरवा आणि बोल्ट आवळा.’

गाडी सुरू झाली. लक्षात घ्यावे, गाळलेल्या संज्ञेचा प्रतिशब्द याही सूचनेत नाही. त्याची जागा ‘बोटाला दाब लागू लागला की मग’ या साध्या उपवाक्याने घेतली आहे. ‘जुळवा आणि बसवा’ ही कृती झाली. ती केव्हा करायची, आणि ती वेळ आली हे कशावरून ओळखायचे, ते ‘की मग’ सांगते. संज्ञा अडली तर ती खुशाल उसनी घ्यावी. तिच्यामागची ओळखण्याची खूण मात्र गाळू नये.

वर्गात यासाठी एक स्वाध्याय देता येईल. एका विद्यार्थ्याने येणाऱ्या कामाची सूचना लिहावी, ते काम न येणाऱ्याने ती वाचून पार पाडावे, आणि तोवर लेखकाने शेजारी गप्प उभे राहावे. वाचणारा जिथे थबकेल, तिथे लेखकाचे वाक्य अपुरे आहे.